पाया पडू नका, तारीख मागा

पीएचडीच्या कोर्सवर्कचं उद्घाटन असलं की एक भाषण हमखास होतं. वक्ते बदलतात. कधी निवृत्त प्राचार्य असतात, कधी विद्यापीठातून आलेले एखादे विभागप्रमुख. भाषण मात्र तेच. गाईड म्हणजे आई-बापाच्या ठिकाणी. त्यांच्याशी वाद घालू नका. ते रागावले तर तो आशीर्वाद समजा. मर्जी सांभाळा, पीएचडी आपोआप पदरात पडेल. समोर बसलेल्यांत निम्मे जण स्वतःच कुठेतरी तासिका तत्त्वावर शिकवणारे असतात. ते माना डोलावतात आणि हे सगळं वहीत उतरवून घेतात. बारामतीत हे ऐकलंय, इंदापुरात ऐकलंय, पुण्यात तर कितीदा. त्याला कुणी उभं राहून उत्तर दिलेलं मात्र पाहिलं नाही, म्हणून हा लेख.

या उपदेशाची पहिली गोम अशी की त्यात गाईडच्या वागण्याबद्दल चकार शब्द नसतो. नातं बिघडलं तर विद्यार्थी उद्धट, टिकलं तर विद्यार्थी नम्र. गाईडने प्रकरण किती दिवसांत वाचून द्यावं, महिन्यातून किती वेळा भेटावं, पेपरवर कुणाचं नाव आधी यावं, याबद्दल काहीच नाही. म्हणजे दोघांच्या कामाची अख्खी जबाबदारी एकाच्या स्वभावावर टाकून वक्ते शाल-श्रीफळ घेऊन मोकळे होतात.

‘मर्जी सांभाळणं’ म्हणजे प्रत्यक्षात काय, हे या भागातल्या कुठल्याही संशोधकाला खासगीत विचारा. सरांची पदोन्नतीची फाईल लावून द्यायची. नॅकच्या मूल्यांकनावेळी चार-चार रात्री बसून माहिती भरायची. सरांना पुण्याला विद्यापीठात काम असलं की गाडी घेऊन जायचं. इंदापूरकडचा असला तर डाळिंबाची पेटी, भिगवणचा असला तर ताजी मासळी, आणि नोकरीत कायम असला तर याहून जड काहीतरी. व्हायवाच्या दिवशी एक्स्टर्नलची गाडी, मुक्काम, विभागाला जेवण आणि सर्वांना आहेर, हा सगळा खर्च जणू नियमावलीत छापलेला असल्यासारखा उमेदवाराच्या अंगावर येतो. तो कुठल्याही नियमात नाही. सगळे गाईड असे नाहीत, हे मला ठाऊक आहे, आणि मी कुठल्या एका कॉलेजबद्दलही बोलत नाही. पण असे नसलेले गाईडसुद्धा उद्घाटनाच्या त्या भाषणाला टाळ्या वाजवतात, हे माझं दुखणं आहे.

आता या उपदेशाचा मुख्य आधार: आपली गुरू-शिष्य परंपरा. बारामतीकरांना जवळचं उदाहरण घेऊ. कवी मोरोपंत इथे राहिले ते बाबूजी नाईकांच्या आश्रयाने. पुराण सांगायचं, काव्य करायचं, आणि धन्याची कृपा असली की घर चालायचं. १७९४ साली पंत गेले तोवर हेच चाललं, आणि त्या काळात दुसरा मार्गही नव्हता. त्याला कुणी नावं ठेवू नयेत. पण ते नातं आश्रयदाता आणि आश्रित यांचं होतं. आपल्या रिसर्च सेंटरमध्ये परंपरेच्या नावाखाली जे चालतं ते बहुतेक वेळा हेच असतं. गुरू-शिष्याचा त्यात काडीचाही संबंध नसतो. फरक एवढाच की बाबूजी नाईक स्वतःच्या तिजोरीतून देत होते. गाईडचा पगार सरकार देतं, विद्यार्थ्याची फी विद्यापीठ घेतं, आणि कृपा मात्र गाईडच्या नावावर जमा होते.

शिवाय गुरूला शिष्यामागे गुण मिळत नव्हते. गाईडला मिळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत अध्यापकाच्या संशोधन-गुणांचा तक्ता आहे. त्यात विद्यार्थ्याला पीएचडी मिळाली की मार्गदर्शकाला १० गुण, नुसता प्रबंध सादर झाला तरी ५. हे गुण पदोन्नतीला लागतात. विद्यार्थ्यासोबतच्या शोधनिबंधाचे गुण वेगळे. म्हणजे विद्यार्थी गाईडकडून काही घेतो तसं तो गाईडला देतोही, आणि ते मोजून देतो. अशा व्यवहारात एकानेच वाकून उभं राहावं, हे कशाच्या बळावर सांगायचं?

नीरेच्या खोऱ्यात यापेक्षा बरं काही घडून गेलेलं आहे, आणि तेही इंग्रजी अमदानीत. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. पाणी आलं, ऊस आला, आणि काही वर्षांतच चांगल्या जमिनीवर पांढरा थर दिसू लागला. त्या वेळी पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन होते. त्यांनी या क्षारपड जमिनींचा अभ्यास केला आणि १९१० साली मुंबई इलाख्याच्या शेती खात्याने तो छापला. नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवरच्या त्या पुस्तिकेवर दोन नावं आहेत: मॅन आणि ताम्हणे. एक गोरा प्राचार्य आणि एक हाताखालचा मराठी सहायक. पुढे मॅन यांनी दख्खनच्या खेड्यांतली जमीन आणि मजुरी यांवर दोन अभ्यास केले. पिंपळे सौदागरवरचा पहिला १९१७ साली आला. त्यात सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे या सहकाऱ्यांची नावं पुढेच छापली आहेत. शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकवरचा दुसरा १९२१ साली आला, त्यावर मॅन यांच्या बरोबरीने कानिटकर लेखक आहेत.

मॅनसाहेब मनाने किती मोठे होते हे मी सांगू शकत नाही, आणि ते या वादात महत्त्वाचंही नाही. ज्याने बांधावर जाऊन मातीचे नमुने घेतले, घरोघर फिरून जमाखर्च विचारला, त्याचं नाव मुखपृष्ठावर आलं. बस्स. राज्यकर्ता आणि प्रजा, प्राचार्य आणि सहायक, एवढी दरी मध्ये असताना जे शंभर वर्षांपूर्वी जमलं, ते एकाच तालुक्यातल्या, एकाच भाषेतल्या, कधी कधी एकाच भावकीतल्या दोन माणसांना आज का जमत नाही? आज परिषदेच्या स्मरणिकेत निबंध छापून येतो तेव्हा लिहिणाऱ्याचं नाव दुसरं असतं आणि कधी तिसरं, कारण मध्ये सरांच्या मित्राचंही एक नाव घालायचं असतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: सरांनी विषय दिला ना!

‘वाद घालू नका’ हा उपदेशाचा दुसरा भाग तर संशोधनाच्या मुळावरच येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससाठी लिहिलेला प्रबंध. मार्गदर्शक प्राध्यापक एडविन कॅनन. परीक्षकांच्या आक्षेपांमुळे प्रबंध एकदा परत आला, बाबासाहेबांनी तो सुधारून पुन्हा धाडला, आणि १९२३ साली डीएस्सी मिळाली. त्याच वर्षी पुस्तक निघालं आणि प्रस्तावना लिहिली कॅनन यांनी. ती प्रस्तावना आपल्या प्रत्येक रिसर्च सेंटरमध्ये फ्रेम करून लावावी अशी आहे. आपल्याच विद्यार्थ्याच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिताना कॅनन स्पष्ट नोंदवतात की चलनव्यवस्थेवरच्या याच्या टीकेतलं बरंच काही मला पटत नाही. आणि लगेच हेही सांगतात की जिथे तो मला चुकलेला वाटला तिथेही त्याच्या मांडणीत आणि युक्तिवादात ताजेपणा होता. मतभेद उघड, छापील, आणि तरी प्रस्तावना. आपल्याकडे प्रस्तावनेत मतभेद नोंदवायचा तर आधी विद्यार्थ्याने मतभेद करण्याची हिंमत करायला हवी. ती हिंमत आपण कोर्सवर्कच्या पहिल्याच दिवशी काढून घेतो.

कुणी म्हणेल, कॅनन उदार होते म्हणून हे घडलं. मग उदार नसलेल्या मार्गदर्शकाचं उदाहरण घ्या. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशशास्त्रातलं त्या काळचं बडं प्रस्थ. पुढे नाझींच्या वंशवादाला ज्यांच्या विद्येचा आधार मिळाला ते हेच. फिशर यांचा तर्क असा की गोऱ्यांची बुद्धी अधिक तर्कशुद्ध, आणि त्याची खूण त्यांच्या कवटीच्या दोन बाजूंतल्या असमानतेत सापडेल. विद्यार्थिनीला ते सिद्ध करायला दिलं. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं की वंशाचा या असमानतेशी संबंध दिसत नाही. परदेशातली एकटी हिंदुस्थानी बाई, समोर संस्थेचा संचालक, आणि तिने त्याचाच सिद्धांत त्याच्याच संस्थेतल्या कवट्यांनी खोडला. फिशरने नाराजी लपवली नाही, श्रेणीही कमी दिली. पण १९३० साली पदवी मिळाली. मोजमाप चोख होतं, ते त्यालाही नाकारता आलं नाही. मर्जी सांभाळली असती तर श्रेणी वर गेली असती, आणि आज तो प्रबंध नाझी विज्ञानाच्या उकिरड्यात पडलेला असता. हीच बाई पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात बसून महाराष्ट्राच्या समाजशास्त्राचा पाया घालते. ‘गाईडशी वाद घालू नका’ म्हणणाऱ्यांनी इरावतीबाईंच्या फोटोला हार घालणं तरी बंद करावं.

आता गाईड मंडळींच्या बाजूने जे सांगितलं जातं त्यात तथ्य आहे का? काही आहे. कॉलेजमधल्या सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तासांचं अध्यापन असतं, सहयोगी आणि प्राध्यापकाला १४. त्यावर परीक्षा, प्रवेश, नॅक, निवडणुकीचं काम. जागा रिकाम्या, त्यामुळे दोघांचं काम एकाच्या गळ्यात. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून आहे, विद्या प्रतिष्ठान १९७२ पासून; इंदापुरातही पदवी कॉलेज आहे. पण तालुक्याच्या ठिकाणचा अध्यापक विद्यापीठाच्या विभागातल्या अध्यापकाइतका मोकळा कधीच नसतो, आणि संशोधनाची ग्रंथालयं पुण्यात, म्हणजे शंभर किलोमीटरवर. हे सगळं कबूल. पण मग विद्यार्थी घेऊ नका! आयोगाने २०२२च्या नियमावलीत प्राध्यापकाला जास्तीत जास्त आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार, असं बंधन घातलं. ती कमाल मर्यादा आहे. ती गाठलीच पाहिजे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. ज्यांना वेळ नाही ते गाईड आठच्या आठ जागा भरतात आणि मग दोन ओळींच्या व्हॉट्सॲप निरोपाला आठवडा लावतात. वेळ नसल्याची तक्रार त्यांनी करावी, पण पहिली जागा भरण्याआधी.

इंदापूरच्या संशोधकाचा दिवस एकदा पाहा. सकाळी दोन तास घेऊन तो एसटी पकडतो. निमगाव केतकी, अंथुर्णे, लासुर्णे, भवानीनगर, काटेवाडी. आषाढात तुकोबांची पालखी ज्या रस्त्याने येते त्याच रस्त्याने उलटा तो बारामतीला पोचतो. सर मीटिंगमध्ये असतात. तीन वाजेपर्यंत तो विभागाबाहेरच्या बाकावर बसतो. मग सर येतात, म्हणतात, “अरे, आज नको, पुढच्या आठवड्यात बघू.” प्रकरणाची प्रिंट टेबलावर ठेवून तो परत निघतो. त्या दिवसाच्या बुडालेल्या तासांचे पैसे त्याला मिळणार नसतात, कारण तासिका तत्त्वावर न घेतलेल्या तासाला मोल नाही. हा माणूस ‘पार्टटाईम आहे, गंभीर नाही’ असं आपण म्हणतो. सरांनी आदल्या दिवशी एक फोन केला असता तर त्याचा दिवस वाचला असता. यात माया, श्रद्धा, परंपरा काही लागत नाही, फोन लागतो.

‘हे लोक ज्ञानासाठी येतच नाहीत, नोकरीसाठी येतात,’ हा आणखी एक आक्षेप. आले तर आले! त्यांना असं कुणी केलं? विद्यापीठांतल्या सहायक प्राध्यापकपदासाठी पीएचडी अनिवार्य करण्याची मुदत आधी जुलै २०२१ होती, ती जुलै २०२३ झाली, आणि ऐन वेळी नियमच बदलून पुन्हा नेट-सेट पुरेशी ठरवली. तीन-चार वर्षं पोरांनी धावाधाव करून नोंदणी केली ती या टांगत्या तलवारीखाली. नोकरीसाठी शिकणं हा गुन्हा असेल तर महाराष्ट्रातली निम्मी कॉलेजं बंद करावी लागतील.

इथे आणखी एका प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राज्य सरकारच्या सारथी संस्थेच्या फेलोशिपचा विषय निघाला तेव्हा बारामतीचे त्या वेळचे आमदार आणि उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधान परिषदेत विचारलं होतं की पीएचडी करून काय दिवे लावणार आहेत. गदारोळ झाला, नंतर खुलासाही आला. फेलोशिपच्या जागा कापण्याचं समर्थन म्हणून तो प्रश्न अन्यायाचा होता, यात मला शंका नाही. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी एमए झालं, तिथे महिन्याचे ३७ हजार म्हणजे शेतमजुरीवर न जाता वाचत बसण्याची मुभा. पण प्रश्न झटकून टाकण्याऐवजी तो जरा गाईडांच्या दिशेने वळवून पाहा. बारामती-इंदापुरात संशोधनाला विषय कमी आहेत का? नीरेच्या कालव्याखालची क्षारपड जमीन १९१० साली होती, आजही आहे. उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची माणसं कुठे गेली, त्यांच्या जमिनींचं काय झालं, हे त्यांच्या नातवंडांच्या तोंडून लिहून घेता येईल. भिगवणला रोहित पक्षी बघायला शहरातून गाड्या येतात. तिथला मच्छीमार काय पकडतो आणि काय पकडायचा, हा प्राणिशास्त्राचाही विषय आहे आणि अर्थशास्त्राचाही. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती हे साखर कारखाने, त्यांच्या वार्षिक सभा, ऊसतोड कामगारांच्या पोरांच्या शाळा. माळेगाव खुर्दला २००९ साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उभी राहिली ती खडकाळ माळ फोडून. शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र आहे. एवढं सगळं एसटीच्या अर्ध्या तिकिटाच्या अंतरावर असताना विषय काय दिला जातो? ‘अमुक तालुक्यातील अमुक योजनेचा चिकित्सक अभ्यास’. शंभर प्रश्नावल्या, टक्केवारीचे पाच आलेख, शेवटी शिफारशी. का? कारण सरांचा स्वतःचा प्रबंध तसाच होता, आणि नवा विषय घेतला तर सरांनाही वाचावं लागेल. दिवे लागत नाहीत ते यामुळे. विद्यार्थ्याला विषयावर हट्ट धरता येत नाही, कारण हट्ट म्हणजे उद्धटपणा, असं पहिल्याच दिवशी ठरलेलं असतं.

बायकांचा मुद्दा वेगळा काढून बोललंच पाहिजे. मर्जीवर चालणाऱ्या नात्यात सर्वांत आधी त्याच अडकतात. ‘संध्याकाळी घरी येऊन दाखवा’ याला पुरुष विद्यार्थी हो म्हणतो. बाईने हो म्हटलं तरी पंचाईत, नाही म्हटलं तरी. आयोगाची २०२२ची नियमावली त्यांच्या बाजूने आहे: २४० दिवसांपर्यंतची प्रसूती आणि बालसंगोपन रजा, प्रबंधासाठी इतरांपेक्षा दोन वर्षं अधिक, लग्नामुळे किंवा अन्य कारणाने गाव बदललं तर आतापर्यंतच्या संशोधनासह दुसऱ्या संस्थेत जाण्याची मुभा. यातलं किती गाईड स्वतःहून सांगतात? उलट “मॅडम, संसार आणि संशोधन दोन्ही नाही जमत बघा,” हे मात्र न विचारता सांगितलं जातं. भेट विभागात, कामाच्या वेळेत, दार उघडं ठेवून, ही साधी गोष्ट लेखी असली तर निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत. उरलेल्यांसाठी अंतर्गत तक्रार समिती आहे, आणि तिच्यावर गाईडचे जिवलग मित्र असू नयेत.

एक आक्षेप मला खरोखर गंभीर वाटतो. काही चांगले, मनाने निर्मळ असे ज्येष्ठ अध्यापक म्हणतात की तारखा, नोंदी, करार आले की जिव्हाळा मरेल. हे काय कारखान्याचं काम आहे? त्यांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना घरी ठेवलं, पुस्तकं दिली, फी भरली, आणि त्याबद्दल कधी बोललेही नाहीत. पण नीट आठवून पाहिलं तर या माणसांचं वेगळेपण जिव्हाळ्याइतकंच शिस्तीतही होतं. ते प्रकरण वेळेत वाचत. समासात पेन्सिलीने लिहीत. ‘हा आकडा कुठून आला’ असं विचारत. लेखी नोंद त्यांना लागली नाही, कारण ती त्यांच्या अंगवळणी होती. नियम त्यांच्यासाठी करायचे नसतात. ज्या विद्यार्थ्याच्या नशिबी ते आले नाहीत, त्याच्यासाठी करायचे असतात.

आणि नियम अर्धे आहेतच, अडचण त्यांच्या रचनेत आहे. प्रत्येक संशोधकासाठी संशोधन सल्लागार समिती असते. प्रत्येक सत्रात तिच्यापुढे प्रगती मांडायची असते. ती असमाधानकारक वाटली तर समितीने कारणं नोंदवून उपाय सुचवायचे असतात. कागदावर उत्तम. पण या समितीचा निमंत्रक कोण? खुद्द मार्गदर्शक! म्हणजे विद्यार्थ्याला गाईडबद्दल काही सांगायचं असेल तर ते गाईडनेच बोलावलेल्या बैठकीत, गाईडसमोर, गाईडच्या दोन सहकाऱ्यांपुढे सांगायचं. अशा बैठकीत आजवर कुणी ‘सर आठ महिने प्रकरण वाचत नाहीत’ असं म्हटलं असेल तर त्याला माझा नमस्कार. निमंत्रक दुसऱ्या विभागाचा हवा, आणि वर्षातून एकदा तरी समितीने विद्यार्थ्याशी गाईडच्या गैरहजेरीत बोललं पाहिजे. गाईड बदलण्याचंही तसंच. जुन्या गाईडच्या ना-हरकतीवर ते अडून राहतं, तोवर तो अधिकार नावापुरताच. ती ना-हरकत समितीने द्यावी. आयोगाने २०२३ साली विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम केले, लोकपालाची तरतूद केली. किती रिसर्च सेंटरच्या भिंतीवर त्या लोकपालाचा पत्ता लावलेला आहे, ते जाता-येता बघा.

विद्यार्थ्यांची बाजू घेतली म्हणून त्यांना सोडायचं कारण नाही. “सर, तुम्हीच विषय द्या” म्हणत येणारा, दोन वर्षांत एक पान न लिहिणारा, शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरून तीन प्रबंध उतरवून त्यांची प्रकरणं शिवणारा संशोधक मी पुष्कळ पाहिला आहे. २०१८च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला मोकळीक आहे, ६० टक्क्यांपुढे गेलं तर नोंदणी रद्द. आपल्याकडे प्रबंध वाचण्याऐवजी या टक्केवारीशी झुंजण्यात महिने जातात, शब्द फिरवून देणारी दुकानं चालतात. आणि खरं सांगायचं तर मर्जीचं नातं अशा विद्यार्थ्याला सोयीचं असतं. पाया पडायला पाच सेकंद लागतात, तेवढ्यात दोन महिन्यांचं वाचन माफ होतं. गाईडला नोकर मिळतो, विद्यार्थ्याला सूट मिळते. दोघांचं जमतं ते असं, आणि याच जमण्याला आपण समारंभात आदर्श नातं म्हणतो. ज्या विद्यार्थ्याला खरंच काम करायचं आहे तोच या व्यवस्थेत उपरा ठरतो.

म्हणून माझं सांगणं गाईडला नावं ठेवण्यापाशी थांबत नाही. नोंदणीच्या वेळी एक पानभर मजकूर दोघांनी सही करून विभागात द्यावा. महिन्यातून कोणत्या दिवशी भेट, ती रद्द करायची तर आदल्या दिवशी कळवणं. विद्यार्थ्याने दिलेलं प्रकरण तीन आठवड्यांत लेखी शेऱ्यांसह परत, आणि शेऱ्यांवरचं काम विद्यार्थ्याने किती दिवसांत करायचं तेही. पेपर झाला तर ज्याने काम केलं त्याचं नाव पहिलं. घरकाम, फाईल, गाडी, भेटवस्तू, जेवणं, काही नाही. प्रत्येक भेटीनंतर चार ओळींची नोंद वहीत, तारखेसह. यातल्या एकाही गोष्टीला विद्यापीठाचं परिपत्रक लागत नाही, पैसा लागत नाही. तरीही हे पान समोर ठेवलं की विभागात जी शांतता पसरते, तिच्यावरून कळतं की आजवरच्या जिव्हाळ्यात कोण किती कमवत होतं.

यंदा कोर्सवर्कला बसणाऱ्या बारामती-इंदापूरच्या मुला-मुलींनो, उद्घाटनाचं भाषण ऐकून घ्या, टाळ्याही वाजवा. नंतर गाईडना भेटाल तेव्हा नमस्कार करा, वयाचा मान ठेवा, आणि वही उघडून विचारा: सर, पुढची भेट कोणत्या तारखेला? तारीख मिळाली तर कामाला लागा. तिसऱ्यांदा विचारूनही मिळाली नाही तर पुढच्या सल्लागार समितीत ते नोंदवायला सांगा, आणि नोंदवलेल्या कागदाची प्रत मागून घ्या.